चाळीतल्या शेळीची वाढलेली खुरं

प्रश्न : लालबागला चाळीच्या तळमजल्यावर आम्ही शेळी पाळली आहे. तिची खुरं पुढे वळलीत आणि दोन दिवस ती लंगडते आहे. घरी कापली तर चालतील का?

उत्तर : चालतील. चरणाऱ्या शेळीची खुरं दगडधोंड्यांवर झिजतात. तुमची दिवसभर दावणीला, मग ती वाढणारच. दर 6 ते 8 आठवड्यांनी छाटावी लागतील. आधी खूर कोमट पाण्यात भिजवा, काडीने मळ काढा. धारदार कात्रीने आत दुमडलेली कड तळव्याच्या पातळीला आणा, मग तळवा पातळ चकत्यांनी तासा. गुलाबी झाक दिसली की तिथेच थांबा, त्याखाली लगेच रक्त असतं. आलंच तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा.

लंगडणं मात्र मला खटकतं. खुरांच्या बेचक्यात ओल आणि घाण वास असेल तर खूर सडू लागलंय. तोंडात फोड, लाळ असेल तर खुरकुताची शंका. दोन्हींत नुसती छाटणी उपयोगाची नाही. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय तुम्हाला जवळ आहे, उद्याच दाखवा. तोवर तिच्याखालचं पोतं रोज बदला, जागा कोरडी ठेवा.