स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काय उरते?

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी बहुधा नितळ दिसते; त्याला दुर्गंधीही फारशी नसते. तरीही त्यात काही सेंद्रिय द्रव्य विरघळलेले असते. ते कोठून येते आणि नेहमीच्या मोजमापातून का निसटते, हे समजून घेऊ.

जैविक शुद्धीकरणात मुख्य काम जिवाणूंचे असते. 1914 साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रियित गाळाची पद्धत मांडली. सांडपाण्यात हवा सोडली की जिवाणू त्यातील सेंद्रिय द्रव्यावर पोसतात व वाढतात. नंतर त्यांचा गाळ तळाशी बसतो. त्यापूर्वी 1912 मध्ये ब्रिटनच्या शाही आयोगाने नदीत सोडावयाच्या अशा पाण्यासाठी दर लिटरला 20 मिलिग्रॅम बीओडी ही मर्यादा सुचविली होती. बीओडी म्हणजे पाच दिवसांत सेंद्रिय द्रव्य पचविताना जिवाणूंनी वापरलेला प्राणवायू. अर्थात, जिवाणूंना जे पचत नाही, त्याची नोंद या परीक्षेत होतच नाही. सीओडी परीक्षेत तीव्र आम्ल व डायक्रोमेट यांच्यासह पाणी तापवितात. तिच्यात हे न पचलेले द्रव्यही बव्हंशी मोजले जाते; म्हणूनच प्रक्रिया केलेल्या पाण्याचा सीओडी बीओडीच्या कित्येक पट भरतो.

या अवशेषाचे प्रमुख प्रकार तीन. पहिला, मूळ पाण्यासोबत आलेली, कुजलेल्या वनस्पतींपासून झालेली ह्युमिक द्रव्ये. दुसरा, औषधे व धुण्याच्या रसायनांचे अंश. तिसरा, खुद्द जिवाणूंनी बाहेर टाकलेली आणि त्यांच्या मृत पेशींतून सुटलेली द्रव्ये. म्हणजे शुद्ध करणाराही मागे काही ठेवून जातो!

हा अवशेष निरुपद्रवी मानता येत नाही. क्लोरीनशी संयोग होऊन त्यातून ट्रायहॅलोमिथेन निर्माण होतात; त्यांपैकी काहींमुळे कर्करोगाचा धोका संभवतो. नदीच्या खालच्या अंगाला तेच पाणी पिणाऱ्या गावांसाठी ही बाब गंभीर आहे.

उपाय मात्र आहे. नामिबियातील विंडहोक या कोरड्या प्रदेशातील शहरात 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरले जाते. तेथे कारखान्यांचे सांडपाणी वेगळे ठेवतात. जैविक प्रक्रियेनंतर ओझोन उरलेल्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतो, त्यांतील काही पुन्हा जिवाणूंना पचतात आणि बाकीचे बरेचसे सक्रियित कार्बन शोषून घेतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला कागदपत्रांत काय लिहिले आहे याबरोबरच काय लिहिलेले नाही, हेही पाहावे लागते. पाण्याच्या अहवालाबाबतही तीच दृष्टी हवी. ‘बीओडी मर्यादेत आहे’ असे वाचल्यावर ‘आणि सीओडी किती?’ हा प्रश्न आपल्या मुलामुलींनी निर्भयपणे विचारावा.