मुलींची शाळा आणि घरचा वेळ

मंडळी, हा धडा मुलींच्या शाळेविषयी आहे. शाळेची इमारत आपण रोज पाहतो. शाळेची घंटा ऐकतो. पण शाळा आतून चालते कशी, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. तिथे एक गोष्ट आम्हांला पक्की कळली. मुलीची शाळा दोन जागी चालते. अर्धी शाळेत चालते आणि अर्धी घरी. घरची अर्धी बंद पडली, की शाळेतली अर्धीही बंद पडते. ती कशी, ते आता पाहू.

नगरची जुनी शाळा

शनिशिंगणापूरहून नगर काही फार लांब नाही. एस.टी.त बसले की जाता येते. त्या शहराला आता अहिल्यानगर म्हणतात. 1839 साली तिथे एक अमेरिकन बाई राहायला आल्या. त्यांचे नाव सिंथिया फरार. त्या मिशनच्या बाई होत्या. त्या मुलींना शिकवीत. 1862 साली त्या नगरलाच वारल्या.

जोतीराव फुले एकदा नगरला आले होते. तेव्हा त्यांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली. शाळा नीट चालली होती. मुली शिकत होत्या. जोतीरावांच्या मनात आले, की हे पुण्यातही व्हायला हवे. ते पुण्याला परतले आणि 1848 साली भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. शिक्षिकेचे काम सावित्रीबाई नगरला फरारबाईंकडेही शिकल्या, असे त्यांचे चरित्र लिहिणारे सांगतात. म्हणजे मुलींच्या शिक्षणाचे एक मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे.

पुण्याची हुजूरपागा

त्या शाळा प्राथमिक होत्या. लिहिणे, वाचणे, हिशेब, एवढे तिथे शिकवीत. त्यापुढे मुलीने शिकायचे कुठे? मुलांना हायस्कूल होते, मॅट्रिक होती. मुलींना ती वाट नव्हती.

मग न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक अशी मंडळी एकत्र आली. 29 सप्टेंबर 1884 रोजी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे उभे राहून या हायस्कुलाची मागणी इंग्रजीत वाचून दाखवली. बाईमाणसाने सभेत बोलणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. रमाबाईंना बोलणी खावी लागली. पण शाळा झाली.

पुढे ही शाळा हुजूरपागेच्या जागेत आली. पागा म्हणजे घोडे बांधायची जागा. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा पूर्वी तिथे होती. घोडे गेले आणि मुली आल्या! शाळेला लोक आजही हुजूरपागा म्हणूनच ओळखतात.

शाळेच्या पहिल्या मुख्य बाई मिस हरफर्ड या होत्या. मराठीबरोबर इंग्रजी, गणित, शास्त्र असे विषय होते. विषयाप्रमाणे तास होते. शाळा अकरा वाजता भरायची आणि पाच वाजता सुटायची.

भांडण घड्याळाचे

या अकरा ते पाचवरून पुण्यात मोठा वाद झाला. 1887 साली केसरी पत्राने या शाळेवर टीका केली. लोकमान्य टिळकांचे म्हणणे असे, की मुलगी दिवसभर शाळेत बसली तर घरकाम शिकणार केव्हा? शाळा तीन तासांची करावी, म्हणजे उरलेला दिवस घराला मिळेल. इंग्रजी आणि गणितापेक्षा घराला उपयोगी पडेल ते शिकवावे.

गोपाळ गणेश आगरकरांचे मत उलटे होते. मुलाला जे शिकवता तेच मुलीलाही शिकवा, असे ते म्हणत. 1888 साली त्यांनी सुधारक पत्र काढले आणि त्यातून हे मत मांडले.

दोघेही मोठे, दोघेही विद्वान. टिळकांनी देशासाठी तुरुंगवास सोसला. त्यांचे ते मोठेपण कमी होत नाही. पण या एका गोष्टीत काळाने आगरकरांची बाजू खरी केली. हुजूरपागा चालू राहिली. तिथून मुली कॉलेजात गेल्या.

भांडण कशाचे होते, ते मात्र ध्यानात ठेवा. मुलीचा दिवस कुणाचा, घराचा की शाळेचा? हे भांडण अजून मिटलेले नाही. ते वर्तमानपत्रातून निघून आपल्या घरात आले आहे, एवढेच.

हिंगण्याची झोपडी

धोंडो केशव कर्वे यांनी निराळी वाट काढली. 1896 साली त्यांनी विधवा बायकांसाठी आश्रम काढला. 1900 साली तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. सुरुवातीला तिथे एक झोपडी होती. कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. तिथून ते हिंगण्याला पायी जात आणि बायकांना शिकवीत. 1907 साली त्यांनी महिला विद्यालय काढले. 1916 साली महिलांचे विद्यापीठ काढले.

हिंगण्याला बायका राहत, जेवत आणि शिकत. घरकाम तिथेही होते. स्वयंपाक होता, झाडलोट होती. पण कामाला वेळ ठरलेला आणि अभ्यासालाही वेळ ठरलेला. काम अभ्यासाच्या वेळेत घुसत नसे. ही शिस्त आपल्या घरीही आणता येते. त्याला पैसा लागत नाही.

आजच्या शाळेत काय होते

आता आपल्याकडचे पाहू. शाळेत हजेरीपट असतो. त्यावर रोज प्रत्येक मुलाची खूण होते. हा हजेरीपट आम्ही वर्षानुवर्षे वाचला. तो वाचला की गावचा सारा हंगाम कळतो. कांद्याची लागण आली, की मुली गैरहजर. कापूस वेचणी आली, मुली गैरहजर. आई बाजाराला गेली, धाकटं भावंडं सांभाळायला मुलगी घरी. पाहुणे आले, मुलगी चुलीपाशी. मुलगेही गैरहजर राहतात. पण मुलींच्या नावापुढे मोकळी घरं जास्त दिसतात.

तुम्ही म्हणाल, दोन दिवसांनी काय बिघडतं? बिघडतं ते असं. समजा, सोमवारी गुरुजींनी अपूर्णांक शिकवले. मंगळवारी त्यांची बेरीज शिकवली. मुलगी दोन्ही दिवस रानात होती. बुधवारी ती शाळेत आली, तर फळ्यावर वजाबाकी. तिला काहीच कळेना. विचारायची लाज वाटते. ती मागच्या बाकावर जाऊन बसते. मग असे दोन दिवस पुन्हा, आणि पुन्हा. वर्षअखेर ती मागे पडते.

मग बाप येऊन म्हणतो, “गुरुजी, पोरीचं डोकंच चालत नाही हो. बसवतो आता घरी.”

डोकं चालत होतं. त्याला वेळ मिळाला नाही. विहिरीला पाणी आहे, पण मोटर चालू करायला वीज नाही, तर शेत वाळणारच. त्यात शेताचा काय दोष?

चार वर्षांचा सांभाळ

कायदा काय सांगतो, तेही समजून घ्या. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हा कायदा 2009 साली झाला आणि 2010 पासून लागू झाला. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करणे हा गुन्हा आहे.

आता हिशेब करा. शिक्षणाची सक्ती चौदाव्या वर्षी संपते. लग्नाचे वय अठराव्या वर्षी येते. मधली चार वर्षे उरली. आठवीनंतर बारावीपर्यंतची हीच ती चार वर्षे. या चार वर्षांत मुलीला शाळेत धाडायची सक्ती कायदा करत नाही. इथे फक्त आईबापाचं मन चालतं. पुष्कळ मुलींची शाळा इथेच सुटते.

सोय नाही, असे म्हणू नका. खेड्यातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत शाळेला जायला एस.टी.चा मोफत पास मिळतो. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. अहिल्याबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. पासाची चौकशी शाळेत करा.

शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालकच असतात. निम्म्या जागा बायकांना आहेत. आयाबायांनो, तुम्ही आता वाचायला शिकलात. समितीच्या सभेला जा. कागद वाचून मगच सही करा. आपल्या मुलीची हजेरी किती, ते विचारा.

शिंगणापुरात घरांना दारं आणि कुलपं न लावण्याची चाल आहे. शनिदेवाच्या चौथऱ्यावर पूर्वी बायका चढत नसत. 8 एप्रिल 2016 रोजी, गुढीपाडव्याला, तीही वाट मोकळी झाली. ती गोष्ट एका दिवसात झाली. शाळेचे तसे नाही. मुलीला शाळेत पाठवायचे की कामाला लावायचे, हे घरात रोज सकाळी नव्याने ठरते. म्हणून रोज सकाळी ते नीट ठरवायला हवे.

काम थोडे वाटून घ्या. मुलगी पाणी भरते, तर मुलाने भांडी घासावी. त्याने त्याचा हात झिजत नाही. संध्याकाळी दिवा लागला, की एक तास मुलीला कुणी हाक मारू नये. एवढे केले, तर घरची अर्धी शाळा चालू झाली असे समजा.

प्रश्न

1. जोतीरावांनी मुलींची शाळा प्रथम कोणत्या शहरात पाहिली?
2. हुजूरपागा किती वाजता भरायची आणि किती वाजता सुटायची? त्यावरून वाद का झाला?
3. चौदा ते अठरा ही चार वर्षे महत्त्वाची का?

घरी करायचे काम

एका कागदाचे दोन भाग करा. एकीकडे मुलीचा दिवस लिहा, दुसरीकडे मुलाचा. उठणे, पाणी, झाडलोट, शाळा, अभ्यास, खेळ, झोप. प्रत्येकापुढे वेळ लिहा. मग दोन्ही बाजू मोठ्याने वाचा, घरातल्या सर्वांना ऐकू जाईल अशा.