कॅमेरा साधा घे, रोल भरपूर घे

पोरी, तू रोलचा कॅमेरा घ्यायचा म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. स्टुडिओत आणि लग्नाच्या मांडवात उभा जन्म गेला माझा. त्यातून हाताला जे लागलं ते तुला देतो. पहिली गोष्ट गाठीला बांध : कॅमेऱ्यावर कमी पैसे घाल, रोलवर जास्त. कॅमेरा म्हणजे अखेर एक अंधारी पेटी. फिल्मला हवा तेवढाच वेळ, हवा तेवढाच उजेड दाखवायचा, एवढं तिचं काम. शिकवतो तो रोल. म्हणून आधी पाच रोल आणि त्यांच्या धुलाई-स्कॅनिंगचे पैसे बाजूला काढ. उरलेल्या पैशांत बसेल तो कॅमेरा तुझा.

आधी घरची कपाटं उघड

बाजारात जाण्याआधी आजीला विचार, आत्याला विचार. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक-३ एके काळी आपल्याकडे घरोघरी होता. तो सापडला तर टाकून देऊ नकोस. त्याला लागणारा १२० चा रोल आजही मिळतो आणि एका रोलवर १२ चौकोनी फोटो येतात. लेन्स साधी आहे, पण भर उन्हात, चार पावलांवरून काढलेली माणसं त्यात छान येतात. जुना कोडॅक ब्राउनी सापडला तर मात्र तो कोणता रोल घेतो ते आधी बघ. ६२० आणि १२७ चे रोल कोडॅकने कधीच बंद केले. असा कॅमेरा शोभेला ठेव, शिकायला नको.

विकत घेशील तर यातला घे

शिकायला ३५ मिलिमीटरचा, सेलशिवाय चालणारा कॅमेरा हवा. म्हणजे शटर स्प्रिंगवर आणि दातेरी चाकांवर चालतं, सेल लागतो तो फक्त उजेडाच्या मीटरला. सेल संपला तरी फोटो निघतो, आणि बिघडला तर उघडून दुरुस्त करणारा कारागीर भेटू शकतो.

पेंटॅक्स के १००० हा १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत राहिला, तो उगाच नाही. त्यात शिकण्याच्या आड येणारं काही नाही. एक लक्षात ठेव : त्याला चालू-बंदचं बटण नाही. उजेड आत जात राहिला की मीटर सेल खात राहतं. काम झालं की लेन्सवर झाकण लाव. निकॉनचा एफएम मजबूत, पण महाग पडेल. याशिका एफएक्स-३ सुपर २००० हलका आणि नेटका. त्याचं वरचं काळं आवरण सोलवटून निघतं, त्याला बिचकू नकोस. उलट त्यावरून भाव पाड. सगळ्यात स्वस्त पडेल तो रशियन झेनिट. वजनदार, ओबडधोबड, वेग फक्त १/३० ते १/५००. पण त्यावरची ५८ मिलिमीटरची हेलिऑस लेन्स माणसाचा चेहरा फार सुंदर दाखवते.

झोर्की किंवा फेड हा जुना सोव्हिएत कॅमेरा हाती आला तर आधी शटर चढव, मगच वेगाची चकती फिरव. उलट केलंस तर आतलं यंत्र बिघडतं.

१९६०-७० च्या दशकांतले बरेच जपानी कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल आता मिळत नाहीत. त्या जागी १.५ व्होल्टचा घातला तर मीटर बहुधा उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं आणि फोटो काळवंडतात. कानाच्या यंत्राचा झिंक-एअर सेल घाल, तो जवळपास बरोबर व्होल्ट देतो.

दुकानात घाई नको

मुंबईत बोरा बाजारात जा, चोर बाजारात जा, पुण्यात जुन्या बाजारात जा. खिशात छोटी बॅटरी असू दे. कॅमेरा हातात आला की मागचं झाकण उघड. वेग १ सेकंदावर ठेव, शटर दाब आणि कान दे. आवाज सलग, एका लयीत संपला पाहिजे. मध्येच रेंगाळला तर तेल सुकलंय. मग लेन्सचं छिद्र पूर्ण उघड, कॅमेरा उजळ भिंतीकडे धर, मागून बघत सगळ्यात जलद वेगावर शटर दाब. पूर्ण चौकट एकदम लखलखली पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर पडदा मागे पडतोय. असा कॅमेरा दुकानदाराला परत दे.

लेन्स काढून तिच्यातून बॅटरीचा झोत टाक, तिरपं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, साफ केली तरी डाग राहतात. धुळीचे चार कण असले तरी चालतील, बुरशी फुकट मिळाली तरी नको. सेलच्या खणात हिरवा थर असेल तर भाव कमी कर. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटला तर तो बदलावा लागणार. ते काम स्वस्त आहे, घरीही होतं, पण न बदलता रोल घातलास तर कडेने उजेड शिरून फोटोंवर केशरी पट्टे येतील.

रोल भरताना

सावलीत भर. ऊनच असेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत. फिल्मचं टोक खाचेत नीट अडकव, दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसली का बघ, मग झाकण लाव. आता डावीकडची गुंडाळायची कळ हलकेच फिरवून सैल फिल्म ताणून घे. पुढचा फोटो चढवताना ती कळ आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरली तर रोल चालतोय. फिरली नाही तर आत फिल्म जागची हललेली नाही आणि ३६ फोटो कोरे निघतील. कुणाच्या बारशाला, साखरपुड्याला गेलीस तर हे दोनदा बघ. ते क्षण परत येत नाहीत.

उजेड आधी डोळ्यांनी मोज

मीटर असो वा नसो, हा नियम पाठ कर : कडक उन्हात छिद्र एफ १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या अंकाएवढा. २०० ची फिल्म असेल तर १/२५०. ढगाळ असेल तर एफ ८, ओसरीच्या सावलीत एफ ५.६ किंवा एफ ४. घरात खिडकीपाशी बसलेल्या आजीचा फोटो ४०० च्या फिल्मवर एफ २, १/६० वर निघतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सला हातात धरून १/६० च्या खाली उतरू नकोस, हात हलतो.

मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. वारीत पांढरी धोतरं आणि पांढऱ्या टोप्यांवर धरलंस तर ते फसतं, कमी उजेड घ्यायला सांगतं, आणि टोपीखालचा चेहरा काळा पडतो. तिथे तळहात उन्हात धर, त्यावर मोज आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त दे. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते, कमी पडला तर सावलीतलं काहीच हाती लागत नाही. शंका आली की जास्त दे.

गर्दीत फोकस करत बसू नकोस. ५० ची लेन्स एफ १६ वर ठेव, अंतर ५ मीटरवर लाव. साधारण अडीच-पावणेतीन मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. मग डोळे फक्त माणसांवर ठेव. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलिफ्लेक्स घेऊन दिल्लीत काम करायच्या, त्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो. इतक्या थोड्यांत त्यांनी देशाचा इतिहास टिपला, कारण बटण दाबण्याआधी त्या थांबत आणि बघत. तूही तसंच थांबायला शीक.

पावसाळा आणि धुलाई

आपल्या हवेत बुरशी हा कॅमेऱ्याचा खरा शत्रू, कोकण-मुंबईत तर फारच. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा कोंडून ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा घे, त्यात निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी टाक. दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत तापव. तो तवा परत स्वयंपाकाला घेऊ नकोस. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वापर : आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढ, वारा दे, सगळ्या वेगांवर शटर दाब.

न वापरलेले रोल फ्रीजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नकोस, नाहीतर फिल्मवर दव धरतं. विमानाने जाताना रोल हातातल्या पिशवीत असू देत आणि तपासणीला हातानेच बघा म्हणून सांग.

धुवायला देताना बजावून सांग की निगेटिव्ह परत हवी. स्कॅन आज आहेत उद्या नाहीत, निगेटिव्ह तुझ्या लेकीलाही उपयोगी पडेल. पुढे कृष्णधवल घरी धुवावंसं वाटलं तर जरूर धू. इलफर्ड एचपी५ फिल्मला डी-७६ रसायनाच्या मूळ द्रावणात, जास्तीचं पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं. आपलं नळाचं पाणी उन्हाळ्यात ३० च्या घरात असतं, म्हणून रसायनाच्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात बसवून थंड कर. पाणी गरम म्हणून वेळ फार कमी केलास, पाच मिनिटांच्या खाली गेलीस, तर फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही.

पहिला रोल

पहिला रोल सुंदर फोटोंसाठी वापरू नकोस, कॅमेऱ्याची ओळख करून घ्यायला वापर. एका वहीत प्रत्येक फोटोचा वेग, छिद्र आणि उजेड लिही. एकच वस्तू तीन छिद्रांवर काढ, एकच चेहरा उन्हात आणि सावलीत काढ. निगेटिव्ह आल्या की वही शेजारी ठेवून एकेक फोटो तपास. कुठे पातळ, कुठे दाट, ते का झालं, हे कळेल. दुसरा रोल त्याच फिल्मचा, त्याच लेन्सवर. पाचही रोल असेच संपव. कॅमेरा बदलायचा की नाही हा प्रश्न त्यानंतर. तोवर तुलाच कळलेलं असेल की नवं हवंय ते कॅमेऱ्यात, की आपल्या बघण्यात.