सवलतीचं दार कायम उघडं राहत नाही : मॉरिशसची साखर, मालदीवचा ट्यूना आणि आपला धंदा



गेल्या बॅचमध्ये एका मुलाने प्रश्न विचारला, "सर, ज्या देशाशी भारताचा व्यापार करार आहे तिथे आपल्या मालावर ड्यूटी कमी लागते किंवा लागतच नाही. मग तिथेच माल पाठवायचा, झालं ना?" प्रश्न चांगला आहे, पण उत्तर अर्धंच "हो" आहे. उरलेलं अर्धं उत्तर समजून घ्यायचं तर काही छोट्या बेट-देशांकडे बघायला हवं, कारण त्यांची सगळी अर्थव्यवस्थाच वर्षानुवर्षं अशा सवलतीवर उभी होती. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

बेटांची अडचण काय असते?

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. आपल्या नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १५ लाखांच्या जवळ होती. म्हणजे पूर्ण देश एका नाशिकपेक्षा लहान! अशा देशात साबणाचा कारखाना काढला तर घरचं गिऱ्हाईक किती मिळणार? बाहेर विकायचं तर मोठी बाजारपेठ हजारो किलोमीटर दूर, जहाजाचं भाडं जास्त, कच्चा माल बाहेरून आणायचा आणि वर चक्रीवादळाची भीती. मालदीव, फिजी, सेंट लुसिया अशा देशांचीही हीच गत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने या देशांचा 'लघु द्वीपीय विकसनशील देश' असा वेगळा गटच मानला आहे.

मोठ्या कारखान्यांशी नुसत्या किमतीवर स्पर्धा करणं या देशांना जमत नाही. म्हणून त्यांच्यासाठी ड्यूटीतली सवलत फार मोलाची ठरते.

सवलत म्हणजे नेमके किती रुपये?

जागतिक व्यापार संघटनेचा साधा नियम असा की सगळ्या सदस्य देशांना एकच ड्यूटी लावायची. त्याला दोन मोठे अपवाद आहेत. एक, श्रीमंत देश गरीब देशांना एकतर्फी सवलत देऊ शकतात. उदाहरणार्थ, युरोपीय संघ २००१ पासून अतिअविकसित देशांचा शस्त्रं सोडून सगळा माल ड्यूटीशिवाय घेतो. अमेरिकेने २००० साली आफ्रिकेतल्या देशांसाठी 'अगोवा' नावाचा कायदा केला. दुसरा अपवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी केलेला करार. 'तू माझ्यासाठी दार उघड, मी तुझ्यासाठी उघडतो.'

आता हिशोब बघा. युरोपात डबाबंद ट्यूना माशावर नेहमीची ड्यूटी २४ टक्के आहे. समजा दोन देशांचा डबा बंदरात १०० रुपयांना पोचला. एकाला सवलत आहे, दुसऱ्याला नाही. पहिला १०० चाच राहिला, दुसरा १२४ चा झाला. मधले २४ रुपये म्हणजे सवलतीचं मार्जिन. पहिला देश स्वस्तात विकून गिऱ्हाईक ओढू शकतो, किंवा ११५ ला विकून जास्तीचे १५ खिशात टाकू शकतो.

पण हे मार्जिन त्याच्या मालातून आलेलं नाही, दुसऱ्यावर लागलेल्या ड्यूटीतून आलंय. उद्या युरोपाने सगळ्यांचीच ड्यूटी १० टक्के केली तर पहिल्या देशाची सवलत कागदावर जशीच्या तशी राहील, मार्जिन मात्र २४ वरून १० वर येईल. याला आपण 'सवलतीची झीज' म्हणू. हा शब्द वहीत लिहून ठेवा.

मॉरिशस : साखरेचे पैसे कुठे गेले?

मॉरिशस म्हणजे उसाचं बेट. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी तिथे हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले. त्यात आपल्या कोकणातली मराठी माणसंही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. देश १९६८ साली स्वतंत्र झाला. त्याआधी १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने तिथल्या परिस्थितीचा अभ्यास करून फार निराशेचं चित्र मांडलं होतं. पुढे त्यांना नोबेल मिळालं, पण मॉरिशसबद्दलचा अंदाज मात्र चुकला.

याला बरीच कारणं आहेत, त्यातलं एक आपल्या विषयाचं. १९७५ च्या लोमे करारात साखरेसाठी वेगळी तरतूद झाली. युरोपने मॉरिशससारख्या देशांकडून ठरलेला कोटा, ठरलेल्या भावाने घ्यायचं मान्य केलं. सगळ्यात मोठा कोटा मॉरिशसला मिळाला, आणि तो भाव बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा बराच जास्त असायचा.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. देशाने १९७० मध्येच निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला होता. साखरेत कमावलेला पैसा काही इस्टेटवाल्यांनी कापड आणि कपड्यांच्या कारखान्यात घातला, हॉटेलात घातला. हाँगकाँगचे कारखानदारही आले, कारण हाँगकाँगच्या कपड्यांवर कोटा होता आणि मॉरिशसमधून दार उघडं होतं. म्हणजे एका सवलतीच्या पैशातून दुसरा धंदा उभा राहिला.

मग वाईट दिवसही आले. २००५ च्या सुरुवातीला जगातली कपड्यांची जुनी कोटा पद्धत संपली, स्वस्त माल बाजारात आला आणि मॉरिशसमध्ये हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. पाठोपाठ २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कमी केला आणि २००९ मध्ये ती हमीची तरतूदच संपली.

तेव्हा त्यांनी काय केलं? छोटे साखर कारखाने बंद करून मोजकेच मोठे ठेवले. कच्ची साखर पोत्यात भरून पाठवण्याऐवजी रिफाइंड साखर बनवू लागले. डेमेरारा, मस्कोव्हाडो अशा खास तपकिरी साखरेवर जोर दिला, कारण तिला वेगळं गिऱ्हाईक आणि वेगळा भाव मिळतो. चिपाडापासून वीज बनवून विकली. त्रास सगळा संपला असं नाही. २०१७ मध्ये युरोपातल्या साखर उत्पादनावरचा कोटा उठला आणि पुन्हा भावाचा दणका बसलाच. पण धंदा एका पायावर उभा नव्हता, म्हणून देश आडवा पडला नाही.

मालदीव : प्रगती केली आणि सवलत गेली

हे उदाहरण ऐकून मुलं चक्रावतात. मालदीव १ जानेवारी २०११ ला अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. अभिनंदनाचीच गोष्ट! पण यादीतून बाहेर म्हणजे युरोपातली ड्यूटी-फ्री सोय बंद. तीन वर्षांची मुदत मिळाली, आणि २०१४ पासून त्यांच्या माशांवर पूर्ण ड्यूटी लागू झाली. डब्यांवर तेच २४ टक्के.

तारीख आधीच माहीत होती, पण पर्याय सोपा नव्हता. त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र चांगली होती. तिथले कोळी मोठ्या जाळ्यांऐवजी गळाने एकेक ट्यूना पकडतात. त्यात कासव, डॉल्फिन अडकत नाहीत. २०१२ मध्ये त्यांच्या स्किपजॅक ट्यूनाच्या मासेमारीला शाश्वत पद्धतीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. असं बघून घेणारं गिऱ्हाईक युरोपात आहे आणि ते त्यासाठी दोन पैसे जास्त मोजतं. ड्यूटीचं ओझं यामुळे नाहीसं झालं नाही, पण "आमचाच माल का घ्यायचा" याला उत्तर मिळालं.

कॅरिबियन बेटांवरच्या केळी बागायतदारांचीही अशीच अडचण झाली. सेंट लुसिया, डॉमिनिका इथली डोंगरउतारावरची छोटी शेतं युरोपच्या खास सवलतीवर चालायची. लॅटिन अमेरिकी देश आणि अमेरिका तक्रार घेऊन जागतिक व्यापार संघटनेकडे गेले, १९९७ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात लागला, आणि २००९ च्या समझोत्यात इतरांच्या केळीवरची ड्यूटी टनाला १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ युरोवर आणायचं ठरलं. ही सवलतीची झीजच. हजारो शेतकऱ्यांनी केळी सोडली. काही टिकले ते फेअरट्रेडचा शिक्का घेऊन.

'तुमचा माल तुमचाच आहे का?'

सवलत देशाला मिळते, पण ती घेण्यासाठी माल खरोखर त्याच देशात तयार झाला पाहिजे. याला रूल्स ऑफ ओरिजिन म्हणतात, म्हणजे मूळ देशाचे नियम. नाहीतर कोणीही बाहेरचा माल आणून फक्त लेबल बदलून पाठवेल.

'अगोवा'मध्ये आफ्रिकेतल्या गरीब देशांना बाहेरचं कापड आणून शर्ट शिवायची मुभा होती. मॉरिशस त्या मानाने पुढारलेला, त्यामुळे सुरुवातीला त्याला ती मुभा नव्हती. सूत आणि कापड त्याच भागातलं किंवा अमेरिकेतलं हवं. मॉरिशसमध्ये मग सूतगिरण्या उभ्या राहिल्या. आणि एकतर्फी सवलत किती दिवस चालेल हे देणारा ठरवतो. 'अगोवा'ची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, तेव्हा पुढच्या ऑर्डरची चिंता आफ्रिकेतल्या कारखानदाराला, कायदा करणाऱ्याला नाही.

माझी स्वतःची चूक

हे सगळं मी पुस्तकातून शिकवतोय असं वाटेल, म्हणून माझंही सांगतो. माझं पहिलं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान एका संस्थेच्या आवारात होतं. पहिली तीन वर्षं भाडं नावाला, आणि आत दुसरं दुकान नाही. गल्ला मस्त चालायचा. मला वाटायचं, आपल्याला धंदा जमतो! वाचलेल्या भाड्याचं मी काय केलं? गाडीचं डाऊन पेमेंट. चौथ्या वर्षी भाडं बाजारभावाने झालं आणि समोर दुसरं दुकान आलं. सहा महिन्यांत मला शटर ओढावं लागलं. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, ती कमाई दुकानाची नव्हती, जागेची होती." पुढे मॉरिशसची साखर वाचली तेव्हा ते वाक्य नीट कळलं.

आता तुमच्या कामाचं

भारत आणि मॉरिशसमध्ये १ एप्रिल २०२१ पासून 'सेकपा' हा करार लागू आहे. आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा हा पहिलाच असा करार. त्यात भारताच्या ३१० वस्तूंना तिकडे आणि मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना इकडे सवलत आहे. त्यांच्या यादीत खास साखर, गोठवलेले मासे, बिस्किटं, कपडे आहेत. आपल्या यादीत खाद्यपदार्थ, शेतमाल, कापड, प्लास्टिक वगैरे. तिथे माल पाठवायचा विचार असेल तर या क्रमाने चला :

१. आपल्या मालाचा एचएसएन कोड पक्का करा. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशानुसार बदलतात. एक आकडा चुकला तर सवलत हातची जाते.

२. आधी नेहमीची ड्यूटी बघा, मग सवलतीची. मॉरिशसने बऱ्याच वस्तूंवरची आयात ड्यूटी सगळ्यांसाठीच शून्य केली आहे. तुमची वस्तू त्यात असेल तर कराराचं मार्जिन शून्य! तिथला १५ टक्के व्हॅट वेगळा, त्याला करार लागू नाही.

३. मूळ देशाचा नियम वाचा. कच्चा माल बाहेरून येत असेल तर त्याची बिलं आणि कॉस्टिंग तयार ठेवा. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनसाठी डीजीएफटीच्या पोर्टलवर अर्ज करा. त्याआधी आयईसी लागेलच.

४. सवलत शून्य धरून एकदा कॉस्टिंग करा. जहाजभाडं, विमा, पॅकिंग, पेमेंट उशिरा येण्याचा खर्च, सगळं धरून. तरी दोन पैसे सुटत असतील तर पुढे जा.

५. "तिथे आपली मराठी माणसं आहेत, ती घेतीलच" या भरवशावर राहू नका. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते हे खरं. पण ती माणसं पिढ्यानपिढ्या तिथलीच आहेत, त्यांची जीभ आणि खरेदीची सवय तिथलीच. आधी सॅम्पल पाठवा, मग कंटेनर.

त्या मुलाला मी शेवटी एवढंच सांगितलं, की सवलत मिळाली तर जरूर घे, सोडू नकोस. फक्त त्यातून सुटलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेव आणि सवलत संपल्यावर लागणारी गोष्ट त्यातून उभी कर : चांगली क्वालिटी, प्रमाणपत्र, दुसरं गिऱ्हाईक, दुसरा माल.

गृहपाठ : तुमच्या धंद्यात आज कोणती सवलत आहे ते लिहा. नातेवाइकांची जागा, कमी भाडं, सबसिडी, ओळखीतलं एकच मोठं गिऱ्हाईक, काहीही. तिची रुपयांत किंमत काढा आणि ती उद्या गेली तर महिन्याचा नफा किती उरतो ते खाली मांडा. आकडा मायनसमध्ये आला तर घाबरू नका. आत्ता कळला, हे बरं झालं.

पुढच्या भागात सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा अर्ज स्क्रीनवर भरून दाखवतो. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा. भेटूच!