बधिर पाऊल आणि पादत्राणाची निवड

नवी चप्पल चावते, असे आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो. वस्तुतः ते चावणे हा आपल्यावर उपकारच होय. चप्पल चावली की आपण पाऊल तिरके टाकतो, लंगडतो, शेवटी ती काढून हातात घेतो. ज्याच्या पायाची संवेदनाच गेली आहे, तो मात्र त्याच जागेवर भार देत दिवसभर चालतो आणि संध्याकाळी मोज्याला रक्त दिसले म्हणजे त्याला कळते. जुन्या मधुमेहात व कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन अशी बधिरता येते. हा विषय कला शाखेच्या वार्षिकात कसा, असे कुणी विचारील. पण मधुमेही माणूस आज कोणाच्या घरात नाही?

कुष्ठरोग्याची बोटे रोगाने 'झडतात' हा समज फार जुना. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, तळव्याच्या जखमांचे मूळ मांस सडण्यात नसून, वेदना न कळल्यामुळे एकाच जागी पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबात आहे. शरीराचा भार कमी करता येत नाही. पण तो अधिक क्षेत्रावर पसरवता येतो. या विचारातून हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असलेल्या मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आली. तीच आपल्याकडची 'एम.सी.आर. चप्पल'. आतला तळ मऊ, त्याखाली काटा शिरू नये म्हणून कठीण रबर, टाचेमागे पट्टा आणि कोठेही लोखंडी खिळा नाही. पट्टा अशासाठी की, बधिर पायातून चप्पल निसटली तरी समजत नाही.

माझ्या मामांना मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली. डॉक्टरांनी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा त्यांच्या तळव्याला टेकवला, तेव्हा चवड्यावर तीन ठिकाणी तो त्यांना कळलाच नाही. पुढे दुकानात विक्रेत्याने विचारले, "काका, कसा वाटतो बूट?" मामा म्हणाले, "झकास!" या उत्तराला काडीची किंमत नव्हती. उलट, असे रुग्ण पुष्कळदा घट्ट बूटच पसंत करतात. कारण तेवढाच त्यांच्या पायाला जाणवतो.

तेव्हा पायाचे मत न घेता डोळ्यांनी व हातांनी निवड करावी. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, रुग्णाला कागदावर उभे करून पावलाची आकृती काढावी. बसून काढलेली चालत नाही, कारण भार पडला की पाऊल पसरते. ती कापून बुटात सरकवावी. कडा दुमडल्या तर तो बूट नको. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. आत हात घालून शिवण, गाठ, खिळ्याचे टोक चाचपावे. तळ चवड्यापाशी वाकावा, मध्यावर नव्हे. मऊपणालाही भुलू नये. स्वस्त फोम थोड्याच दिवसांत चपटा होतो. चांगले रबर चिमटीत दाबून सोडताच पुन्हा फुगते.

आपली कोल्हापुरी येथे कामाची नाही. तिच्यात खिळा नसतो हे खरे, कारण ती वादीने शिवतात. पण तळ कठीण, अंगठा अडकवलेला आणि मागे पट्टा नाही.

नवे पादत्राण पहिल्या दिवशी तासभरच घालावे. काढल्यावर तळवा पाहावा, वाकता येत नसेल तर आरशात. लाली राहिली, किंवा एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली, तर ते घालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. उघडी जखम असेल किंवा पावलाचा आकारच बदलला असेल, तर दुकानातला कोणताच जोड उपयोगाचा नाही. मापावरून तो खास बनवून घ्यावा लागतो.

मामांना एम.सी.आर. चप्पल सुचवली, तेव्हा त्यांनी प्रथम नकार दिला. "लोक काय समजतील?" म्हणाले. ती चप्पल पाहून कुष्ठरोगी ओळखला जातो, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. खुद्द कुष्ठरुग्णही त्याच कारणाने ती टाळतात. अखेर त्याच रबराचा तळ साध्या तपकिरी सँडलमध्ये बसवून घेतला. बाजारात जाताना मामा तो निमूटपणे घालतात. देवळात मात्र अनवाणीच जावे लागते आणि उन्हाने तापलेली फरशी बधिर तळव्याला कळत नाही. म्हणून ते आता काकड आरतीलाच जातात.