मत्स्यपेटीतले विरजण

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मी माशांविषयी लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून चार मासे मेले, आणि ते का मेले हे शोधताना जे कळले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

शिक्षणासाठी मी आत्याकडे राहते. आतेभावाच्या वाढदिवसाला घरी काचेची मत्स्यपेटी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यात सहा गोल्डफिश सोडले. आठ-दहा दिवसांत पाणी ताकासारखे पांढरे झाले. अस्वच्छ दिसले की घासून काढावे, हे आमच्या घरचे वळण. मी मासे बादलीत काढले, वाळू कढत पाण्याने धुतली, गाळणीचा स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केला आणि नळाचेच ताजे पाणी भरले. एक दिवस पाणी आरशासारखे. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताक! मी पुन्हा सारे धुतले. दुकानदाराने दिलेले निळे औषधही ओतले. शनिवारपर्यंत चार मासे उलटे तरंगत होते. आतेभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आत्या एवढेच म्हणाली, "अगं, इतकं कशाला धुवायचं?"

तिने सहज विचारले, पण प्रश्न नेमका होता. उत्तर मिळाले ते ओळखीच्या प्राणिशास्त्राच्या बाईंकडून आणि त्यांनी दिलेल्या पुस्तकांतून.

माशांच्या मलमूत्रातून व कुजलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना ते विषच. नदी-तळ्यात तो पांगतो. आमच्या पेटीत जेमतेम ५५ लिटर पाणी. तेथे मासे जगतात ते जिवाणूंच्या जिवावर. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात सोसते. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जिवाणू मातीतून वेगळे करून दाखवले होते. पेटीत ते स्पंजावर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती दोनदा मुळापासून उपटली! उरलेसुरले नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आणि त्या औषधाने संपवले असणार. औषध मेथिलीन ब्लू होते. बुरशीवर ते चालते, पण या जिवाणूंनाही मारते.

मग पांढरेपणा कसला? तो दुसऱ्याच जिवाणूंचा. उरलेल्या अन्नावर ते भराभर वाढतात आणि खाणे कमी केले की बहुधा आठवड्याभरात आपोआप ओसरतात. म्हणजे मी ज्याला भ्याले ते फारसे घातक नव्हते, आणि जे घातक होते ते स्वच्छ पाण्यातही होते.

दिवाळीच्या सुटीत आईला हे समजावत होते. ती शाळेत गेलेली नाही. ऐकून म्हणाली, "म्हणजे विरजणच की! भांडं घास, पण विरजण ठेवून." पुस्तकाच्या दोन पानांत जे होते ते तिने एका वाक्यात सांगितले.

पाणी हिरवे झाले तर ते शेवाळ. पेटी उन्हातून हलवावी. तपकिरी झाक बहुधा आत ठेवलेल्या लाकडाची असते, तिची चिंता नको.

मासे आजारी दिसले की आधी एक पाहावे: सगळे एकदम वर येऊन धापा टाकतात, की एखादाच मलूल आहे? सगळे असतील तर दोष पाण्याचा. औषध नको. दोन दिवस खाणे बंद, हवेचा पंप चालू, आणि रोज पाव हिस्सा पाणी बदलावे. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवलेले असावे, म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो. स्पंज धुवायचाच तर पेटीतून काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर मात्र तो खरा रोग. त्याचा परजीवी कातडीत वाढतो, मग तळाशी पडून त्याची शेकडो पिले होतात, ती पुन्हा मासे शोधतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिलांवरच. म्हणून ठिपके गेल्यावरही औषध काही दिवस चालू ठेवावे लागते, आणि एका माशाला नव्हे, साऱ्या पेटीला. नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे निराळा ठेवावा. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत, डबक्यांत गप्पी मासे सोडतात. ते चिवट असतात. त्यांच्यावरून गोल्डफिशची परीक्षा करू नये. गोल्डफिश खातो फार आणि घाणही फार करतो. तेवढ्या पेटीत सहा हेच मुळात जास्त होते.

उरलेले दोन अजून आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी नवी पेटी आणली. त्यांना मी आमच्या गाळणीतल्या स्पंजाचा अर्धा तुकडा, ओलाच, वाटीत घालून नेऊन दिला.