साधू मानायचं कुणी? (गीता ९.३०–३१)



आजचे श्लोक : भगवद्गीता, अध्याय नववा, ३० आणि ३१.

ही पोस्ट दोन दिवस उशिरा येतेय. श्लोक अवघड आहेत म्हणून नव्हे. उलट इतके सरळ आहेत की मलाच त्यांच्यासमोर बसवेना. कारण पुढे सांगते.

आधी अर्थ बघू. भगवंत अर्जुनाला सांगतात, की माणूस अगदी टोकाचा दुराचारी असला, पण तो दुसरं काही न धरता माझ्याकडे वळला, तर त्याला साधूच मानावं. का? तर त्याचा निश्चय आता योग्य जागी लागलाय. पुढच्या श्लोकात म्हणतात, असा माणूस लवकरच धर्मात्मा होतो आणि त्याला टिकणारी शांती मिळते. आणि वर अर्जुनालाच सांगतात, की तू हे जगाला ठासून सांग, माझा भक्त वाया जात नाही.

आपण हे वाचतो आणि लगेच वाल्या कोळी आठवतो. वाल्याचा वाल्मीकी झाला, छान वाटतं, पान उलटतो. मी पण आजवर तेच केलं.

आता माझी गोष्ट. आमचं गाव शेलूबाजार, तालुका मंगरुळपीर, जिल्हा वाशीम. समृद्धीवरून जाताना तुमच्यापैकी कुणीतरी पाटी बघितली असेल. बाबांचं तिथे किराणा आणि धान्याचं दुकान आहे. हंगामात सोयाबीन, तूर घेतात, पोती मागच्या खोलीत असतात. २०२१ ची दिवाळी नुकतीच झाली होती, मी वर्क फ्रॉम होममुळे घरीच होते. एका सकाळी बघतो तर मागची खोली उघडी, अकरा पोती सोयाबीन गायब, गल्ल्यातले पैसे गायब. कुलूप तुटलेलं नव्हतं. चावीनं उघडलेलं होतं.

सीसीटीव्हीचं फुटेज मीच काढलं. चेहरा मीच ओळखला. आमच्याच दुकानात दोन वर्षं काम करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, सोबत दोघं अनोळखी. पोलिस यायच्या आधी बाजारात बातमी पसरली. तो स्टँडजवळ सापडला आणि लोकांनी त्याला मारलं. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. थांबवा म्हणाले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटत होतं.

तो चौदा महिने आत होता. केस उभीच राहिली नव्हती, जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार कोण राहणार? आई शेतमजुरीला जाणारी. शेवटी त्यानं गुन्हा कबूल केला आणि कोर्टानं भोगलेली कैद हीच शिक्षा धरली. आता बाहेर येऊन त्याला बरेच दिवस झालेत. गावात कुणी कामाला घेत नाही. गेल्या महिन्यात तो बाबांकडे आला आणि म्हणाला, हमाली द्या.

बाबांनी मला फोन केला. मी पुण्यात, नुकताच नववा अध्याय सुरू केलेला, उत्साहात. मी लगेच म्हटलं, "बाबा, घ्या ना त्याला. गीतेत तर असं आहे..." आणि श्लोकाचा अर्थ सांगितला. बाबा शांत बसले. मग म्हणाले, "पोत्यांचं गेलं ते गेलं, माय. पन त्याले मी चावी देल्ली होती. गीता तू सांगून रायली, गल्ल्यावर मले बसा लागते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून दोन दिवस.

मग मी परत श्लोकाकडे आले आणि एक शब्द दिसला, जो मी दरवेळी ओलांडून जात होते. 'मन्तव्य'. म्हणजे मानावं, समजावं. बघा, पहिल्या श्लोकातली ही आज्ञा चुकलेल्या माणसाला नाहीये. तो तर वळलेलाच आहे, त्याचं काम त्यानं केलंय. आज्ञा आहे ती बघणाऱ्याला. म्हणजे शेलूबाजारच्या बाजाराला. म्हणजे पायरीवर उभ्या असलेल्या मला.

ज्ञानोबा माउलींनी या श्लोकावर फार सुंदर दृष्टांत दिलाय. महापुरात बुडालेला माणूस जर जिवंत अलीकडच्या काठाला लागला, तर मग त्याचं ते बुडणं कुठे उरलं? तसंच पश्चात्तापाच्या तीर्थात न्हाऊन आलेल्याचं मागचं पाप. मी विचार करत राहिले, काठाला लागला हे खरं, पण काठावर उभ्या लोकांनी त्याला वर येऊ द्यायला पाहिजे ना. वाल्मीकीच्या गोष्टीतही आपण वारुळापाशीच थांबतो. तो वारुळातून उठून पहिल्यांदा गावात गेला तेव्हा त्याला पाणी कुणी दिलं, हे कुणी सांगत नाही.

पण थांबा, बाबांची बाजू सोडून चालणार नाही. तीही गीतेतच आहे. पुढच्याच अध्यायात, दहाव्याच्या ३८ व्या श्लोकात, भगवंत आपल्या विभूती सांगताना म्हणतात, की दमन करणाऱ्यांमधला दंड मी आहे. म्हणजे शिक्षा ही देवाच्या बाहेरची गोष्ट नाही. 'सगळ्यांना माफ करून टाका' असं गीता म्हणत नाही, आणि ज्याचं लुटलं गेलं त्याला 'तू माफ कर' असं लांबून सांगणं हा तर मला आता उद्धटपणा वाटतो. चोरीनंतर आई कित्येक महिने रात्री उठून कडी बघायची. पण दंड कशासाठी? दमनासाठी, म्हणजे आवर घालण्यासाठी. स्टँडजवळ जे झालं तो दंड नव्हता. त्यानं कुणालाच आवर बसला नाही, आम्हा मारणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना तर नाहीच.

मग आवर बसेल आणि माणूसही वळेल असा दंड कुठे असतो का? हे मी बाबांनाच विचारलं असतं तर बरं झालं असतं, कारण उत्तर त्यांच्या सर्वांत आवडत्या सिनेमात होतं. 'दो आँखें बारह हाथ'. लहानपणी दूरदर्शनवर लागला की दुकान लवकर बंद व्हायचं. व्ही. शांतारामांचा १९५७ चा सिनेमा. एक जेलर सहा खुनी कैद्यांना बेड्यांशिवाय एका पडीक माळावर नेतो, शेती करायला लावतो. कैदी भाजी पिकवून बाजारात विकायला नेतात, आणि तिथले व्यापारीच त्यांना बडवतात. (हा सीन मला आता बघवत नाही.)

मला ती कल्पनाच वाटायची. पण सिनेमाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, आणि त्याच परिसरात खरीखुरी अशी जागा होती. आजही आहे. स्वतंत्रपूर. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे तेच. त्यांनी १९३९ मध्ये इथे बिनभिंतीची वसाहत सुरू केली. शिक्षा झालेले कैदी तिथे शेती करायचे आणि बायकामुलांसोबत राहायचे. कल्पनेमागे होते मॉरिस फ्रीडमन, पोलंडमधून आलेले इंजिनीअर, गांधीजींच्या जवळचे. तुमच्यापैकी अनेकांनी निसर्गदत्त महाराजांचं 'आय अ‍ॅम दॅट' वाचलं असेल. मुंबईतल्या खेतवाडीत महाराज मराठीत बोलायचे, ते इंग्रजीत आणणारे हेच फ्रीडमन. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आत्म्याला बंधन नाही हे जो माणूस म्हातारपणी भाषांतरित करणार होता, त्यानं तरुणपणी कैद्यांच्या भिंती काढून बघितल्या होत्या.

संस्थान गेलं, स्वतंत्रपूर सरकारी कारागृह विभागाकडे आलं आणि टिकलं. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुलं कारागृह आहे, मराठवाड्यात पैठणला आहे. तिथे उठून कुणालाही पाठवत नाहीत. शिक्षेचा काही भाग बंद जेलमध्ये काढलेला, वागणूक चांगली असलेला, पळून जाणार नाही असा माणूस निवडतात. म्हणजे विश्वास एकदम टाकत नाहीत, थोडाथोडा वाढवतात. श्लोकात 'लवकरच धर्मात्मा होतो' असं आहे. ते 'लवकर' मला आधी खटकायचं, इतक्या लवकर कोण बदलतं? आता वाटतं, निश्चय क्षणात होतो, पण तो लोकांना दिसायला काम लागतं, मजुरी लागते, दिवस लागतात. आणि कुणीतरी तेवढे दिवस द्यावे लागतात.

अजून एक गोष्ट, जी मला माहीतच नव्हती. भारतातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्धच न झालेले. चारातले तीन. जागा ४,३६,२६६ जणांचीच. आपण 'कैद्यांना सुधारा' म्हणतो तेव्हा ज्यांच्याबद्दल बोलतो त्यातल्या बहुतेकांना कोर्टानं अजून दोषी म्हटलेलंच नाही. गोकुळाष्टमीला रात्री बाराला आपण पाळणा हलवतो तो देव तुरुंगात जन्मला आणि त्याच्या आईबापांचा तर काहीच गुन्हा नव्हता, हे आपण किती सहज विसरतो.

आणि जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत राहिलेल्यांसाठी मार्ग आहेत. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीनं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले यातून वगळलेत. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, २०२३ मध्ये त्यात कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. आमच्या त्या पोराच्या वेळी यातलं वकिलाचं तरी होतंच. मला माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही. मी फुटेज पेनड्राइव्हवर देऊन मोकळी झाले होते. तुमच्या ओळखीत कुणी अडकलं असेल तर एवढं तरी सांगा.

हे सगळं लिहिताना विनोबांची 'गीता प्रवचने' शेजारी उघडी आहेत. नवव्या अध्यायाचं प्रवचन झालं रविवार, १७ एप्रिल १९३२ ला, धुळ्याच्या तुरुंगात. त्या दिवशी विनोबांचा घसा दुखत होता. साने गुरुजी समोर बसून उतरवून घेत होते. त्या प्रवचनात पापाचंही भय नको असा एक भाग आहे. मी तो मेट्रोत वाचला होता, कानात हेडफोन घालून. पण बोलला गेला तो तुरुंगाच्या भिंतींच्या आत.

परवा रात्री बाबांना परत फोन केला. या वेळी श्लोक सांगितला नाही. म्हटलं, "मी चुकले, तिथे बसणारे तुम्ही आहात." आणि पायरीवर मला बरं वाटत होतं, तेही सांगितलं. हे आधी कुणालाच बोलले नव्हते.

बाबा म्हणाले, "मलेही वाटलं होतं."

थोड्या वेळानं त्यांनीच विषय काढला. सोमवारी तुरीची गाडी येणार आहे. म्हणाले, "त्याले बोलावतो. गाडी खाली करू दे. मजुरी संध्याकाळी हातात. गल्ल्यापाशी नाही, चावी नाही. मंग पाहू."

मी 'दो आँखें'ची आठवण काढली तर म्हणाले, "त्यातला जेलर शेवटी मरते, ध्यानात आहे नं तुह्या?" आणि हसले.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक नंबर पाठवला. खाली लिहिलं होतं, तुले बोलायचं असन त बोल.

पोरगा मला ताई म्हणायचा. नंबर सेव्ह केलाय. अजून लावलेला नाही. काय बोलायचं ते तीनदा लिहून खोडलं. सोमवारी गाडी खाली व्हायच्या आधी लावायचाय.

उद्या श्लोक ३२ घेऊ.

राम कृष्ण हरी.